हिवरदऱ्याचा गेनबा आणि सिंहाचा डबा

सोमवार. सूर्य डोक्यावर. हिवरदऱ्याचा बाजार भरलेला. चावडीसमोरच्या काळ्या दगडावर गेनबा बसला, त्यानं पत्र्याच्या डब्यातली पूड तीन चिमट्या जिभेवर ठेवली आणि वरून घोटभर पाणी प्याला.

एवढं पक्कं. याला सबंध बाजार साक्ष आहे. मागचं-पुढचं मात्र तोंडातून तोंडात आलेलं. म्हणून मी जिथं ‘असं म्हणतात’ म्हणेन, तिथं ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारून मानावं.

गोष्ट पणजोबांच्या काळची. तेव्हा हिवरदऱ्याला सडक नव्हती आणि तालुक्याला मामलेदार होता. गावाच्या उगवतीला परसाकडं जायचं बायकांचं रान, मावळतीला ओढ्यापलीकडं पुरुषांचं. त्या पुरुषांच्या रानाच्या कडेला गेनबाची झोपडी होती. ती तिथं का, हे गावातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं आणि एकही पुरुष ते बोलत नव्हता.

हातात तांब्या घेऊन निघालेल्या माणसाला कुणी हटकत नाही. त्याला राम राम घालत नाहीत, कुठं निघालास म्हणून विचारत नाहीत. समोरून सख्खा मेहुणा आला तरी दोघं माना खाली घालून जातात. सगळ्या मुलखाचा हा रिवाज. त्या रिवाजाच्या आडून हिवरदऱ्याचे पुरुष दिवस उगवायच्या आत गेनबाच्या दारात यायचे. जे दुखणं बायकोला सांगता येत नाही, आईला सांगता येत नाही, देवापुढंही नीट बोलता येत नाही, ते अंथरुणातलं दुखणं गेनबाला सांगायचे. सांगताना त्याच्याकडं बघायचे नाहीत, हातातल्या तांब्याकडं बघायचे. म्हणून गेनबानं गावातले तोंडवळे कमी पाहिले आणि तांबे जास्त, असं म्हणतात.

गेनबाच्या घराण्याचा एक नेम होता. आधी गेनबा, मग दुखणेकरी. जे औषध द्यायचं, ते आधी त्याच्यादेखत आपण खायचं, जेवढं द्यायचं तेवढंच. मग उन्हाची तिरीप उंबऱ्याला लागेपर्यंत दोघांनी गप्प बसायचं. गेनबाला काही झालं नाही, तरच पुडी पुढं सरकायची. बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. आज्याला एकदा उलटी झाली होती, तर त्यानं ती मुळी सबंध डोंगरावर पुन्हा कधी खणली नाही.

आणि खरं सांगायचं तर गेनबा औषध फारसं द्यायचाच नाही.

“दारू किती पितोस?” तो विचारायचा. “झोप लागती का? घरात भांडण हाय का? लघवीला मुंग्या लागत्यात का?” मुंग्या लागतात म्हटलं की तो उठून उभा राहायचा. “मग माझ्याकडं येळ घालवू नको. हे साखरेचं दुखणं. तालुक्याच्या डाक्टरकडं जा, उद्याच जा.” तरण्या नवऱ्या मुलाला सांगायचा, “तुला औषध न्हाई, बाबा. तुला घाई हाय. बायकोशी आधी बोलाय शीक.”

कुणी हट्टच धरला की तो मुसळीची चिमूट द्यायचा आणि बजावायचा, “ही पोटाला बळ देती. बाकीचं मी काय बी कबूल करत न्हाई.”

“पण मुसळीनं म्हातारा तरणा व्हतो म्हणत्यात, गेनबा.”

“मग रानडुकरं बघ की. जन्मभर मुसळी उकरून खात्यात. एक तरी अमर झालेलं बघितलंस?”

हसत हसत माणूस तांब्या उचलून जायचा, आणि ओढा ओलांडला की गेनबाला विसरायचा. विसरायलाच हवं होतं. दिवसाउजेडी गेनबाशी कुणी बोलला, तर लोक विचारणार, याचं त्याच्याकडं काय काम? म्हणून कुणी बोलत नसे. बाजारात तो आला की वाट आपोआप मोकळी व्हायची. लग्नात त्याला बोलावत नसत. तो मांडवात दिसला तर नवऱ्या मुलाची चेष्टा होईल. जेवण पत्रावळीत बांधून त्याच्या उंबऱ्यावर ठेवायचे. ज्याच्या दारात असले दुखणेकरी येतात, त्याला पोरगी तरी कोण देणार? कुणी दिली नाही.

दसऱ्याला तो आपट्याची पानं आणून उंबऱ्यावर मांडून बसायचा. सोनं घ्यायला कुणी यायचं नाही. संध्याकाळचं वारं सुटलं की पानं ओढ्याकडं जायची आणि गेनबा म्हणायचा, “घ्या, सोनं घ्या.” वाऱ्यालाच. दारातल्या फरशीवर त्यानं वाघबकरीचा डाव कोरला होता. वाघही तोच खेळायचा, शेळ्याही तोच. कुणाची बाजू घ्यायची नाही म्हणून तो एक खेळी खेळून उठायचा आणि पलीकडं जाऊन बसायचा. सबंध गावाचं गुपित पोटात असलेला माणूस, आणि त्याला राम राम म्हणणारं एक तोंड नव्हतं.

अशात एका सोमवारी बाजारात वैद्यराज मृगेंद्र आला. डोक्याला जरीचा फेटा, बोटांत अंगठ्या, पुढ्यात पत्र्याच्या डब्यांची उतरंड. प्रत्येक डब्याच्या झाकणावर आयाळ फुलवलेला सिंह.

“हिमालयातल्या बारा मुळ्या आणि तेरावी गुप्त!” तो ओरडायचा. “शुद्ध झाडपाला! अपाय शून्य! ऐंशीचा म्हातारा विशीचा गडी! बायको माहेराला जायचं नाव काढणार न्हाई!”

लोक हसायचे. हसता हसता हळूच एकेक डबा धोतराच्या सोग्यात जायचा. गेनबाकडं आता सकाळी तांबे कमी येऊ लागले. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. पण वाघबकरी खेळताना त्याचा हात मध्येच थांबायचा, असं म्हणतात.

एका पहाटे हैबती आला. चांगला उंचापुरा गडी, लग्नाला पाच वर्षं झालेली, घरात पाळणा हलला नव्हता आणि आई ठकूबाई उठता-बसता सुनेला टोचत होती. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि सोग्यातून सिंहाचा डबा काढला.

“गेनबा, हे जरा बघून सांग. एका चिमटीनं काय व्हत न्हाई. आजपासनं तीन घेणार.”

गेनबानं पूड हुंगली, जिभेच्या टोकाला लावली आणि लगेच थुंकला. “लई कडू हाय. कशाचं कडू, ते मला वळखू येत न्हाई. विकणाऱ्यानं तुझ्यादेखत खाल्लं?”

“तो कशाला खाईल? त्याला काय झालंय?”

“मग तू बी खाऊ नको.”

“अरं, झाडपालाच तर हाय. पाल्यानं कुणाला अपाय झालाय?”

“कण्हेर पालाच हाय, हैबती. धोतरा पालाच हाय.” मग गेनबा जरा हसला. त्याला वाटलं, थट्टा केली तर पोरगं ऐकेल. “तुला वाघ व्हायची घाई हाय, पण शेळीला विचारलंस का?”

चुकलं ते इथं. हैबतीचं तोंड लाल झालं. “तुझं दुकान बसलं म्हणून जळतोस व्हय रं?” म्हणाला, डबा उचलला आणि तरातरा निघून गेला. तांब्या मागंच राहिला.

तांब्याला बुडाशी पोचा होता आणि काठाखाली नाव घातलेलं होतं. असे विसरलेले तांबे गेनबाकडं आणखीही होते. परत द्यायचे कसे? कुणाच्या दारात तांब्या घेऊन जाणं म्हणजे दवंडी पिटणं. तो ते फळीवर मांडून ठेवायचा, नावं भिंतीकडं करून. हैबतीचा तांब्याही त्यानं तसाच ठेवला.

पाचव्या दिवशी हैबती गेला. दुपारी जेवून उठला आणि अंगणात पडला. अंग धनुष्यासारखं वाकलं, दात बसले, टाचा आणि डोकं तेवढं जमिनीला टेकलं. गाव जमेपर्यंत संपला होता.

त्याआधी महिन्याभरात गावातले दोन पुरुष असेच गेले होते. बाहेरची बाधा, असं म्हणून लोक गप्प बसले होते. पण ठकूबाई गप्प बसणारी नव्हती. तिनं सुनेचा हात धरून तिला चावडीवर ओढत आणलं. “हिनं घातलं माझ्या लेकाला! भाकरीतनं घातलं! वांझोटी ती वांझोटी, आन् वर माझा दिवा विझवला!”

सून मैना. तिनं फक्त एवढंच म्हटलं, “त्याच टोपल्यातली भाकर मी बी खाल्ली.” कुणी ऐकलं नाही. आबा पाटलांनी सांगितलं, सोमवारी पंच बसतील. कुणी काही पुरावा दिला तर ठीक, नाहीतर बाईनं गाव सोडायचं. माहेरी तिचा बाप वारलेला. गाव सोडायचं म्हणजे कुठं जायचं, हे आबांनी सांगितलं नाही.

डब्याचं कुणी बोललं नाही. पंचांपैकी दोघांच्या घरी तेव्हा सिंहाचा डबा होता, असं म्हणतात.

रविवारी भर दुपारी मैना ओढा ओलांडून पुरुषांच्या रानात शिरली. बाईनं तिथं पाऊल टाकणं म्हणजे आणखी एक गुन्हा. पण तिच्याकडं आता गमावायला काय होतं? गेनबा फरशीवर बसून शेळ्यांची खेळी खेळत होता. दिवसाउजेडी दारात माणूस उभं राहिलेलं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तो उठून उभा राहिला.

मैनेनं फळीकडं पाहिलं. भिंतीकडं तोंड केलेल्या तांब्यांतला एक तिनं पोच्यावरून ओळखला. पुढं जाऊन तो फिरवला.

“ह्यो माझ्या बापानं लग्नात दिला. पोचा आला म्हणून मीच परसाकडं लावला.” ती तांब्या छातीशी धरून वळली. “मामा, तुमच्याकडं ते आलं व्हतं. कशासाठी आलं व्हतं?”

गेनबानं फळीवरचे उरलेले तांबे सरळ केले.

“त्यांनी काय खाल्लं?”

“पोरी, मी शब्द दिलेला असतो. हितं आलेल्या माणसाचं नाव माझ्या तोंडातनं निघत न्हाई.”

“मेलेल्या माणसाचं बी?”

“मेलेल्याचं तर मुळीच न्हाई. जिता असता तर पाय धरून शब्द सोडवून घेतला असता. आता कुणाकडनं सोडवू?”

“मग मी कुणाकडं जाऊ?” तिचा आवाज चढला नाही. “त्यांची लाज राखायची, तुमचा शब्द राखायचा, पंचांची अब्रू राखायची. समद्यांचं राखून झालं की उरते ती मी एकटी.”

एकटी. हा शब्द गेनबाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं फरशीवरचा वाघ उचलून मुठीत धरला. मग म्हणाला, “तांब्या हितंच ठेव. उद्या मी येतो.”

“चावडीवर? दिवसा?”

“दिवसा,” गेनबा म्हणाला.

त्या रात्रीचं कुणी पाहिलेलं नाही, म्हणून मी सांगत नाही. सकाळी त्यानं आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि तो गावात आला. नेहमीसारखी वाट मोकळी झाली. एरवी तो खालमानेनं जायचा. त्या दिवशी त्यानं एकेका तोंडाकडं नीट पाहिलं, आणि ज्याच्याकडं पाहिलं त्यानं मान खाली घातली.

चावडीसमोर मृगेंद्राची उतरंड मांडलेली होती. पलीकडं पंच, त्यांच्यापुढं मैना, बाजूला ठकूबाई. गेनबा उतरंडीपुढं उभा राहिला.

“वैद्यराज, ह्यातली एक चिमूट तुम्ही आधी खा.”

“मी?” मृगेंद्र हसला. “मी इतकं खाल्लंय की सात पोरं झाल्यात. आता आठवं झालं तर बायको घराबाहेर काढंल!”

बाजार खदखदून हसला.

“मग आठव्याला जीव लावू. खा.”

“औषध रोग्यानं खायचं असतं, म्हाताऱ्या.”

“बरं,” गेनबा म्हणाला, आणि सबंध बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, “मी रोगी. मी नामर्द हाय. मला द्या.”

गावात तो शब्द मोठ्यानं कुणी उच्चारला नव्हता. आधी एक पोर हसलं, मग त्याचा बाप हसला, मग सगळा बाजार हसला. ज्यांची दुखणी गेनबाच्या पोटात होती, ते सगळ्यांत मोठ्यानं हसले.

“अरं, ह्याला ना बायको ना पोर, आन् ह्याला कशाला सिंह?” आबा पाटील म्हणाले.

“मरायच्या आधी एकदा वाघाची खेळी बघू की, आबा.” गेनबा काळ्या दगडावर बसला. “किती घ्यायचं, वैद्यराज?”

“एक चिमूट.”

“एका चिमटीनं काय व्हत न्हाई म्हणत्यात. तीन घेतो. झाडपालाच तर हाय. अपाय शून्य.”

मैनेनं ते ऐकलं. ‘एका चिमटीनं काय व्हत न्हाई’ हे शब्द तिनं घरात हैबतीच्या तोंडून ऐकले होते. ती पुढं धावली. पण तोवर पूड जिभेवर गेली होती.

मग गेनबानं नेमाप्रमाणं केलं. उन्हाची तिरीप चावडीच्या उंबऱ्याला लागायची वाट बघत तो गप्प बसला. सांडलेल्या पुडीभोवती मुंग्यांनी रिंगण धरलं आणि एकीनंही आत पाऊल टाकलं नाही, असं म्हणतात. हसू हळूहळू विझलं. बैलांनी रवंथ थांबवला. आणि तिरीप उंबऱ्याला लागायच्या आत गेनबाचं अंग दगडावर धनुष्यासारखं वाकलं. दात बसले. टाचा आणि डोकं तेवढं टेकलेलं.

सगळ्यांच्या आधी ओरडली ती ठकूबाई. “माझा हैबती! माझा हैबती असाच झाला व्हता!” तिच्या मागं दुसरी म्हातारी ओरडली, “माझा बी!” मग तिसरी. ठकूबाई तिथंच बसली, आणि तिनं सुनेचे पाय धरले. पंचांना निकाल द्यावा लागला नाही.

गेनबानं एकही नाव घेतलं नव्हतं.

लोकांनी उतरंडीकडं पाहिलं तेव्हा मृगेंद्र तिथं नव्हता. डबे होते, फेटा पडला होता, मातीत पावलं मात्र उमटली नव्हती, असं म्हणतात.

गेनबाला उचलून त्याच्या झोपडीत नेलं. नेणाऱ्या दोघी होत्या, मैना आणि ठकूबाई. पुरुष मागं राहिले. आणि मग जे झालं ते बायका सांगतात, पुरुष सांगत नाहीत. ज्या ज्या घरातला पुरुष कधीतरी पहाटे गेनबाकडं गेला होता, त्या त्या घरात घडवंचीवरचा पिण्याच्या पाण्याचा तांब्या आपोआप वाजला. हात न लावता वाजला. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं नाही. तांब्या घासला, पाण्यानं भरला, नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हटलं, “जा.”

परसाकडचा तांब्या नव्हे. घडवंचीवरचा, लखलखीत, नाव घातलेला. तो हातात घेऊन, ऊन डोक्यावर असताना, हिवरदऱ्याचे पुरुष ओढा ओलांडू लागले. एकाच्या मागं एक. कुणी कुणाची नजर चुकवली नाही. आबा पाटीलही होते. किती तांबे होते, ते गावानं कधी मोजलं नाही. पण रांगेचं एक टोक झोपडीशी होतं आणि दुसरं वेशीत, असं म्हणतात.

प्रत्येकजण उंबऱ्याच्या आत आला, गेनबाच्या ओठांवर पाण्याचे दोन थेंब सोडले आणि म्हणाला, “राम राम, गेनबा.”

जन्मभर त्यानं याचीच वाट पाहिली होती. त्याचे डोळे उघडे होते. त्याला ऐकू येत होतं. पण दात बसलेले होते. परत राम राम म्हणता आलं नाही.

शेवटचा तांब्या रिकामा झाला तेव्हा दिवस मावळत होता. गेनबा गेला. फळीवरचे तांबे त्या वेळी भिंतीकडून आपोआप फिरले, असं म्हणतात. मैनेनं मात्र सांगितलं की ते तिनं फिरवले.

सगळ्या मुलखात हातात तांब्या असलेल्या माणसाला कुणी राम राम घालत नाही. हिवरदऱ्यात घालतात. पाहुणे हसतात, हसू देत. आता घरोघरी संडास झाले तरी गेनबा गेला त्या दिवशी, आषाढातल्या पहिल्या सोमवारी, गावातला प्रत्येक पुरुष भर दुपारी भरलेला तांब्या घेऊन ओढ्यापलीकडं जातो आणि वाटेत भेटेल त्याला मोठ्यानं राम राम घालतो. दसऱ्याचं पहिलं पान गेनबाच्या उंबऱ्यावर पडतं. आणि बाजारात कुणी औषध विकायला बसला, मग तो साधू असो की सूटबूटवाला, त्याला आधी काळ्या दगडावर बसवतात. आधी तू, मग दुखणेकरी. निम्मे तिथूनच परततात.

आणखी एक राहिलं. उरलेल्यातला एक डबा आबा पाटलांनी स्वतः मामलेदार कचेरीत नेऊन दिला. आत काय आहे ते शोधा, म्हणाले. तीन गडी आणि एक म्हातारा गेलाय. कचेरीनं पावती दिली. ती चावडीत काचेच्या चौकटीत अजून आहे. ‘एक डबा, पत्र्याचा, झाकणावर सिंह. तपासणीकरिता पुढे रवाना.’

त्या आषाढी सोमवारच्या दुसऱ्या दिवशी गावचा एक माणूस दरवर्षी तालुक्याला जातो. पावतीची नक्कल टेबलावर ठेवतो आणि विचारतो, “आमच्या डब्यात काय निघालं?” मामलेदार गेले, तहसीलदार आले. कौलं गेली, स्लॅब आला. कारकून नक्कल उलटीसुलटी बघतो आणि म्हणतो, पुढच्या आठवड्यात या. गेल्या वर्षी गेलेला माणूस परत येताना एसटी स्टँडवर थांबला. दुकानाच्या दर्शनी फळीवर डबे रचलेले होते. झाकणावर सिंह. खाली छापलेलं, ‘संपूर्ण वनौषधी, अपाय नाही.’ त्यानं दुकानदाराला विचारलं, “तुम्ही खाऊन बघितलंय?” दुकानदार हसला.

डबा कचेरीत पोचला, याची पावती आहे. डब्यात काय होतं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.